जावयाने बसवलेली चाकं

आधीबोटे हे काही कुणाचं खरं आडनाव नव्हे. दुकानातल्या लोकांनी ते ठेवलं, आणि ज्यांना ठेवलं त्यांनी ते इतक्या आनंदाने पत्करलं की पुढे गिऱ्हाइकंही फोनवर "आधीबोटे आहेत का?" असंच विचारू लागली. कारण साधं होतं. हे गृहस्थ गाड्यांना चाकं बसवायचे, आणि गिऱ्हाईक कितीही घोड्यावर बसून आलेलं असो, चाकाचा बोल्ट ते पहिल्यांदा बोटांनीच फिरवायचे. हवेवर चालणारी गन शेजारी लोंबकळत असायची. बाकीचे मिस्त्री तिने फर्रकन बोल्ट आत घालून मोकळे व्हायचे. आधीबोटे मात्र चाकापुढे मांडी ठोकून बसायचे, बोल्ट भोकात धरायचे आणि बरणीचं झाकण लावावं तसा हलकेच फिरवायचे. "आधी बोट, मग पाना," हे वाक्य ते दिवसातून इतक्यांदा म्हणायचे की शेजारच्या रंगवाल्याने पोपट पाळला नाही हे बरंच झालं.

बोटाला जे कळतं ते गनला कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. आटे वाकडे लागले तर बोट अडतं. गन अडत नाही, ती वाकडाच बोल्ट रेटते, आणि मग तो बोल्ट कधीतरी नको त्या वळणावर आपली तक्रार मांडतो. मालकाला हे सगळं मान्य होतं, फक्त कामाच्या वेळेत मान्य नव्हतं. "तुमच्या एका गाडीत बाकीच्यांच्या दोन होतात," असं तो रोज म्हणायचा, आणि स्वतःची गाडी आली की गुपचूप आधीबोट्यांच्याच रांगेत लावायचा.

त्यांचे वडील शिंपी होते. मुलाने मशीनवर बसावं अशी त्यांची फार इच्छा, पण मुलाला कापडापेक्षा लोखंड आवडलं. वडील काही दिवस रुसले, मग म्हणाले, "जे करशील ते मापात कर." तेवढं मात्र मुलाने मनावर घेतलं. गाडीबरोबर आलेली चाकं उतरवून त्या जागी बाहेरची, झगमगीत चाकं चढवायची हौस लोकांना आली, तेव्हा हा मापाचा संस्कार कामाला आला. लोक चाकं घेताना चमक बघतात, आरे बघतात, शेजाऱ्याने कुठली घेतली ते बघतात. बोल्टकडे कोण बघतो? बोल्ट म्हणजे बोल्ट, असं सगळ्यांना वाटतं.

आधीबोटे नेमकं तिथेच बघायचे. बोल्टच्या डोक्याखालचा जो भाग चाकाच्या भोकात जाऊन टेकतो, त्याला ते बैठक म्हणायचे. काही गाड्यांच्या मूळ बोल्टची बैठक गोलसर असते, वाटीच्या बुडासारखी, आणि मूळ चाकाचं भोकही तसंच. बाहेरच्या बहुतेक चाकांची भोकं मात्र निमुळती, नरसाळ्यासारखी. "वाटी नरसाळ्यात ठेवून बघा," ते गिऱ्हाइकाला सांगायचे. "बसलीय असं वाटतं. पण टेकते कुठे? कडेच्या एका रेघेवर. सगळी गाडी त्या रेघेवर." शिवाय लांबीही बघायची. बोल्ट फार लांब झाला तर आतल्या ब्रेकला जाऊन लागतो, आखूड झाला तर दोन-चार आट्यांवर लोंबकळतो. हे सगळं जुळवून ते नव्या चाकांना नवे बोल्ट घालायचे आणि उतरवलेले जुने बोल्ट पिशवीत बांधून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे. "कंपनीचे बोल्ट कधी टाकायचे नाहीत. स्टेपनी कंपनीचीच आहे ना? वाटेत पंक्चर झालं की तिला हेच लागणार."

घरी मात्र या वाक्याचा पुढचा अर्धा भाग केव्हाच गळून पडला होता. बायकोने जुनं पातेलं मोडीत काढायचं म्हटलं की आधीबोटे म्हणायचे, "कंपनीचे बोल्ट कधी टाकायचे नाहीत." मुलीने डुगडुगणारी खुर्ची बाहेर काढली, तरी तेच. पुढे पुढे तर नवऱ्याचा एखादा कटकट्या नातेवाईक आला की बायकोच हळूच म्हणायची, "कंपनीचा बोल्ट आलाय, चहा टाकते." एकूण त्या घरात बोल्टची म्हण झाली होती, आणि म्हण झाली की तिचं मूळ कुणी विचारत नाही.

बायको मोठी हुशार होती. संसार तिनेच बोटाने फिरवून मग पान्याने घट्ट केला, असं आधीबोटे स्वतः कबूल करायचे. मुलगी एकच. ती दातांच्या दवाखान्यात कामाला लागली, तिथे दाढ दुखते म्हणून एक उंच, लाजाळू बेकरीवाला आला, आणि दाढ बरी झाल्यावरही येत राहिला. पुढचं सांगायला नको.

तर हा बेकरीवाला जावई. आईबाप लहानपणीच गेले, मावशीने वाढवलं. मावशीचं घर डोंगरापलीकडच्या गावात. पोरगा मऊ बोलणारा, मोठ्यांपुढे पाय अवघडून बसणारा. जावई म्हणजे दहावा ग्रह, असं जग म्हणतं. हा ग्रह बिचारा कुणाच्या राशीला लागायचा नाही, उलट आपण कुणाच्या वाटेत येतो की काय, म्हणून कोपऱ्याकोपऱ्याने फिरायचा. आधीबोट्यांना तो मनापासून आवडायचा. पंचाईत एवढीच, की त्याच्याशी बोलायचं काय हे त्यांना कळायचं नाही. दुकानात ते मालकालाही चार शब्द सुनवायचे, पण जावयासमोर त्यांची जीभ नवी कोरी व्हायची. "जावईबापू, बसा." "जावईबापू, घ्या ना." जावयाने काही आणलं, काही केलं, काही दाखवलं, की एकच शब्द: "छान." खिडकीला पडदा लावला, छान. केस बारीक कापून आला, छान. मग दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत बसायचे.

"बाबा याच्याशी नीट बोलतच नाहीत," मुलगी आईजवळ कुरकुरायची.

"मान देतात गं," आई म्हणायची.

"मान देऊन देऊन त्याला दारातच उभं ठेवलंय."

आईला ते पटायचं, पण नवऱ्याची जीभ काही तिच्या हातात नव्हती. ती हातात असती तर इतरही बऱ्याच गोष्टी तिने आधी सोडवल्या असत्या.

मुलीच्या घरची गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. सुट्टीच्या दिवशी मुलीने दोघांना जेवायला बोलावलं. जेवण झालं की ती, जावई आणि लहानगी नात गाडीने मावशीकडे जाणार होते, डोंगरावरच्या वळणाच्या रस्त्याने. आधीबोट्यांचं घर मागच्याच गल्लीत, त्यामुळे दोघं चालतच निघाले. घराजवळ आले तर दारापुढे गाडीवर बेकरीतली मोठी पांढरी चादर अंथरलेली, आणि जावई तिच्या कोपऱ्याशी उभा. कान लाल झालेले. मुलगी दारात नातीला कडेवर घेऊन हसत होती.

जावयाने चादर ओढली. गाडी तीच, पण चाकं नवी. बारीक आऱ्यांची, आरशासारखी लखलखीत. बेकरीच्या एका गिऱ्हाइकाने स्वतःची गाडी विकली होती, तिची ही जादा चाकं जावयाने टायरसकट घेतली होती. "मीच बसवली," तो म्हणाला. "जॅक लावून. तुम्ही सांगता तसं, आधी बोटाने." एवढं बोलून तो सासऱ्यांच्या तोंडाकडे बघत राहिला.

आधीबोट्यांचं ऊर भरून आलं, हे खोटं नाही. ते गाडीभोवती एक फेरी मारून आले. चाकाचं माप बरोबर होतं, टायर चांगले होते. पोराने चाक ज्यावर बसतं त्या हबवरचा गंजसुद्धा घासून काढलेला दिसत होता. मग सवयीने ते पुढच्या चाकाशी वाकले आणि त्यांनी बोल्टवर बोट ठेवलं. बोट तिथेच राहिलं. भोक निमुळतं होतं आणि त्यात बोल्ट होते गोल बुडाचे. कंपनीचे. जुने. आरशासारख्या चाकात ते काळपट बोल्ट भोकाच्या कडेवर नुसते टेकले होते, आणि डोक्याभोवती बारीकशी फट दिसत होती. त्यांनी दुसरं चाक पाहिलं. तेच. मागची दोन्हीही तशीच.

"बाबा, कसं वाटतंय?" जावयाने विचारलं.

"छान," आधीबोटे म्हणाले.

झालं. तोंडाला एका शब्दाची सवय लागली की अडीअडचणीला तोच शब्द आधी बाहेर पडतो. जावयाचा चेहरा असा काही उजळला की आता तो शब्द परत घेणंही कठीण. "यांना तुम्हाला दाखवायची इतकी घाई होती," मुलगी म्हणाली, "की पहाटेची भट्टी उरकून न झोपता बसवत बसले." आधीबोट्यांनी मान डोलावली आणि ते घरात गेले.

जेवण उत्तम होतं म्हणतात. आधीबोट्यांना विचाराल तर त्या दिवशी ताटात काय होतं ते त्यांना आजही सांगता येणार नाही. समोर जावई बसलेला, आग्रह करकरून वाढणारा. डोळ्यांपुढे मात्र डोंगराचा रस्ता आणि ते काळपट, गोल बुडाचे बोल्ट. तोंड उघडून सांगावं, तर या पोराने आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांच्या हद्दीत पाऊल टाकलेलं, आणि ते टाकताक्षणी त्याचा पाय कापायचा. न सांगावं, तर गाडीत मुलगी आणि नात. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं, अशी गत झाली.

मग त्यांनी आडून आडून प्रयत्न सुरू केले.

"आज ऊन फार आहे," ते म्हणाले. "उद्या गेलात तर?"

"बाहेर ढग आलेत की," मुलगी म्हणाली.

"मग पाऊस लागेल. बसने जा. बसमध्ये नातीला गंमत वाटेल."

"बाबा, नवी चाकं लावून बसने जायचं?"

"मी जरा गाडी फिरवून आणतो. हवा बघतो."

"हवा मी भरून आणली," जावई उत्साहाने म्हणाला. "तुम्ही आरामात बसा. आज तुम्ही कशाला त्रास घ्यायचा?"

"नातीला शिंक आली मघाशी."

"ती शिंक मला आली होती," बायको म्हणाली, आणि नवऱ्याकडे रोखून बघू लागली. इतकी वर्षं या माणसाबरोबर काढल्यावर, तो हवेपाण्याविषयी बोलायला लागला म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं तिला कळत होतं. ताटं उचलायच्या निमित्ताने तिने त्यांना स्वयंपाकघरात नेलं.

"काय झालंय?"

त्यांनी सांगितलं. वाटी, नरसाळं, रेघ, सगळं. ती ऐकत राहिली. तिने हातातलं ताट खाली ठेवलं.

"मग सांगा त्यांना."

"अगं, जावई आहेत ते."

"आणि शेजारी बसणारी आपली पोरगी आहे. मांडीवर नात."

"तेच तर. तू सांग ना. तुझं बोलणं कसं गोड असतं."

"मला बोल्टातलं काय कळतं? उद्या ते म्हणतील, सासूबाईंना आमचं काही बघवत नाही." तिने पदराला हात पुसले. "तुम्ही मिस्त्री आहात की नाही? दुकानात कुणी असली चाकं लावून आला तर काय करता?"

"शिव्या घालतो."

"मग?"

"शिव्या कशा घालणार? छान म्हणून बसलोय मी."

बाहेर गाडीचं दार वाजलं. पिशव्या भरून झाल्या होत्या. आधीबोटे धावत बाहेर आले तोवर नात आईच्या मांडीवर बसलेली, जावई स्टिअरिंगवर, आणि किल्ली फिरलेली. गाडी सुरू झाली. जावयाने खिडकीतून हात हलवला. आधीबोट्यांनी हात हलवला नाही. ते सरळ गाडीपुढे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही तळवे बॉनेटवर ठेवले.

"बंद कर."

जावयाला वाटलं, काही राहिलं असेल. त्याने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"बंद कर म्हणतो ना. किल्ली काढ. उतर खाली. तूही उतर गं, पोरीला घेऊन." आवाज चढला होता आणि आता तो त्यांच्या ताब्यात नव्हता. शेजारची म्हातारी खिडकीत आली. "चाक पुसता आलं म्हणजे चाक बसवता येतं होय? चमकतंय म्हणजे झालं? हे असले बोल्ट? या भोकात? डोळे कुठे होते तुझे? पोर घेऊन डोंगर चढायला निघालास. एक चाक निघालं असतं म्हणजे? अक्कल भट्टीत घातलीस काय? कुणी सांगितलं तुला हे बोल्ट घालायला?"

जावई गाडीतून उतरून उभा होता. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. तो काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने बोल."

"तुम्हीच," जावई म्हणाला.

"मी?"

"कंपनीचे बोल्ट कधी टाकायचे नाहीत. तुम्ही नेहमी म्हणता. चाकांबरोबर नवे बोल्ट आले होते. चांगले दिसत होते. पण मला वाटलं, तुम्ही बघाल तर म्हणाल, याने पहिलीच गोष्ट ऐकली नाही. म्हणून मी मुद्दाम जुनेच घातले. नवे स्टेपनीच्या खाली ठेवलेत, कागदात बांधून."

बायकोने तोंडाला पदर लावला. ती हसत होती की काय ते कळायला मार्ग नव्हता. आधीबोटे बॉनेटला टेकून उभे राहिले. आयुष्यभर ज्या वाक्याने लोकांची चाकं जागेवर ठेवली, त्याच वाक्याने त्यांच्या लेकीची चाकं सैल झाली होती. घरात कुणालाच, कधीच, त्यांनी पुढचं अर्धं सांगितलं नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, रागवायचं तरी कुणावर?

"स्टेपनीसाठी," ते शेवटी म्हणाले. आवाज पुष्कळ खाली आला होता. "टाकायचे नाहीत, म्हणजे स्टेपनीसाठी ठेवायचे. चाकाला नवेच घालायचे. तू बरोब्बर उलट केलंस." मग जरा थांबून म्हणाले, "आणि मी तरी कुठे सरळ सांगितलं होतं. आण ते नवे इकडे."

जावयाने कागदाची पुडी आणली. आधीबोट्यांनी लेकीकडे लिपस्टिक मागितली. तिने काही न विचारता पर्समधून काढून दिली. आजच्या दिवसात बाबांकडून काय ऐकायला मिळेल याचा तिला आता भरवसा नव्हता. त्यांनी गाडी जॅकवर घेतली, चाकाचा एक जुना बोल्ट काढला. तो काढताना त्यांना पान्याला फारसा जोर लावावा लागला नाही, आणि हे जावयानेही पाहिलं. नुसती हवा भरून आणेपर्यंतच ही अवस्था. आधीबोट्यांनी बोल्टच्या गोल बुडाला लिपस्टिक फासली, बोल्ट परत बोटांनी घालून दाबला आणि बाहेर काढला. "बघ आत."

भोकाच्या आत एक बारीक लाल रेघ उमटली होती. केसाएवढी.

मग नवा बोल्ट, निमुळता. तोच रंग, तसाच दाबून. या वेळी भोकाची आतली सगळी बाजू लालेलाल झाली.

जावई कितीतरी वेळ वाकून बघत राहिला. पिठाचा गोळा साच्यात नीट बसला की नाही हे बघणं त्याचं रोजचं काम होतं, त्याला आता काही समजावून सांगायची गरज नव्हती. त्याने मागे वळून नातीकडे पाहिलं. ती आजीच्या खांद्यावर आजीची माळ चावत बसली होती. तो खाली रस्त्यावरच बसला.

"उठ," आधीबोटे म्हणाले. "बसून बोल्ट बदलत नाहीत. नाही, बस. बसूनच बदलतात. तिकडे सरक."

मग सासरे-जावई चाकासमोर मांडीला मांडी लावून बसले. रंग पुसून टाकला, भोकं कोरडी केली. बायको घरून टॉर्क पाना आणायला गेली, म्हणजे ठरवलेल्या जोराला कट्ट वाजून पुरे म्हणणारा तो लांब पाना. "पाना नेमका कुठे आहे?" असं तिने विचारलं नाही, तो कपाटात तिच्या साड्यांच्या शेजारी ठेवलेला असायचा आणि त्यावरून झालेली भांडणं तिला पाठ होती. दरम्यान आधीबोटे बांध फुटल्यासारखे बोलत होते. "तेल नाही लावायचं आट्यांना, कुणी सांगितलं तुला? कोरडं. फेरे मोज, जुना किती फेरे जात होता? हा तेवढेच जातो का? लांबी कळते त्यावरून. एकाशेजारचा एक असा नाही घट्ट करायचा, समोरासमोरचा धर. समोरचा म्हटलं. तो समोरचा आहे का? भट्टीत पाव असेच लावतोस?"

"नाही," जावई म्हणायचा, आणि चुकलेलं बरोबर करायचा. "मग हा?"

"हा. हलके. अजून हलके. आता पाना."

चारही चाकं झाली. पाना प्रत्येक बोल्टला कट्ट म्हणाला. गाडी खाली उतरवली, तेव्हा दोघांचे हात काळे झाले होते आणि जावयाच्या नव्या सदऱ्याला लिपस्टिक लागली होती. आधीबोट्यांचा राग निवला, आणि राग निवल्यावर त्यांना आपण काय काय बोललो ते एकेक करून आठवू लागलं. अक्कल भट्टीत. शेजारच्या म्हातारीसमोर. जावयाला.

"जावईबापू," ते म्हणाले, "जरा जास्तच बोललो. मनावर घेऊ नका."

जावई हात पुसत होता. तो थांबला.

"घेणारच मनावर," तो म्हणाला. "बाबा, खरं सांगू? मावशी मला अशीच ओरडायची. भांडं पडलं, दूध उतू गेलं, की सगळी आळी ऐकायची. लग्न झाल्यापासून मी तुमच्याकडे येतो, आणि माझं काही म्हणता काही चुकतच नाही. सगळं छान. मला वाटायचं, आपण इथे पाहुणेच राहणार. पाहुण्याला कोण ओरडतं?" त्याने फडकं गाडीत टाकलं. "आज पहिल्यांदा घरी आल्यासारखं वाटलं."

आधीबोट्यांनी "छान" म्हणायला तोंड उघडलं होतं, ते त्यांनी वेळीच मिटलं. त्यांचे डोळे भरून आले आणि हात काळे असल्यामुळे पुसताही येईनात. शेवटी बायकोने पदराने पुसले आणि "एवढ्याशा बोल्टासाठी," असं म्हणून स्वतःचेही पुसले.

"पोचलास की पुन्हा एकदा पाना लावायचा," एवढंच ते म्हणाले. "नवं चाक थोडं चाललं की बसतं, मग परत बघावं लागतं. विसरलास तर बघ." आणि पाना त्यांनी त्याच्या हाती दिला. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत दोघं रस्त्यातच उभे होते.

संध्याकाळी फोन आला. जावयाचाच होता. एरवी मुलगी बोलायची आणि शेवटी "हे नमस्कार म्हणतायत" एवढं सांगायची.

"बाबा, पोचलो. पाना लावला. सगळ्या बोल्टना कट्ट वाजलं."

"बोटाने बघितलंस?"

"आधी बोटाने."

"मग ठीक."

पूर्वी इथे फोन ठेवला गेला असता. कुणीच ठेवला नाही. पलीकडे मावशीचा आवाज येत होता, नातीचाही.

"बाबा," जावई म्हणाला, "अजून काही चुकत असेल माझं तर सांगा ना."

आधीबोट्यांनी बायकोकडे पाहिलं. ती मान हलवून नको नको म्हणत होती, पण आता उशीर झाला होता.

"सांगू?" ते म्हणाले. "रागावणार नाहीस? तुझ्या पावात मीठ कमी असतं. लग्नापासून आहे. हिला विचार, आम्ही वरून घालून खातो."

पलीकडे जावई हसायला लागला, आणि मोठ्याने हसतो तेव्हा त्याचा आवाज इतका भरदार असतो हे आधीबोट्यांना तोवर माहीतच नव्हतं. मग बोलणं कशावरून कशावर गेलं. बायकोने दोनदा जेवायला हाक मारली, तिसऱ्यांदा नुसतंच ताट आणून समोर ठेवलं.

पुढच्या आठवड्यात जावई स्वतः पाव घेऊन आला. त्यात मीठ जरा जास्तच पडलं होतं. आधीबोट्यांनी पहिला तुकडा खाल्ला, आणि तेही सांगितलं.